बैठकीतला व्यायाम

आमच्या घरी आलेल्या माणसाला बैठकीत बसवतात. पंखा लावतात, पाणी देतात, चहा टाकतात, आणि त्याच्यासमोर घरातलं दुखणं काढत नाहीत. माझ्या माहेरी वैजापूरकडे हीच रीत होती, सासरीही हीच, आणि मला ती कधी चुकीची वाटली नाही. लकवा झाल्यावर मात्र या रीतीपायी माझी चांगलीच पंचाईत झाली. ती कशी झाली आणि कशी सुटली ते लिहिते आहे. ज्यांच्या घरी माझ्यासारखं माणूस आहे आणि व्यायाम करून घ्यायला कुणी घरी येतं, त्यांनी जरूर वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी शोभा, वय साठीच्या आसपास. आमचं घर गारखेड्यात. यांना सगळे अण्णा म्हणतात. हे वाळूजच्या कंपनीत मेन्टेनन्सला होते, आता निवृत्त झालेत. मुलगा शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे तो घरात झोपलेला तरी असतो नाहीतर नसतो. दिवसभर मी, हे आणि सून पूजा.

मॅचिंगचं दुकान

त्या दिवशी मी एकटीच औरंगपुऱ्यात ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. माझी साडी डाळिंबी, आणि दुकानदार मरून रंगाचं कापड माझ्या गळ्यात मारू बघत होता. मी त्याला चार शब्द ऐकवायला लागले आणि शब्द तोंडातून नीट निघेनात. डाव्या हातातली पिशवी खाली पडली. उचलायला वाकले तर हात पुढे येईना. दुकानदार म्हणाला, "ताई, बसा तुम्ही. तोंड वाकडं व्हायलंय तुमचं." मला वाटलं, भाव पाडून मागितला म्हणून टोमणा मारतोय. मी त्याच्याशी भांडतच खुर्चीवर बसले.

त्याच माणसाने दुकान भावावर सोडून मला रिक्षात घातलं, माझ्याच फोनवरून यांना कळवलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत आला. मरून रंगाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण माझी डावी बाजू आज जेवढी हलते तेवढी त्याच्यामुळे.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, जिवाचा धोका टळला. पण डावी बाजू किती परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही. हे हात जोडून उभे होते. यांनी विचारलं, "सायेब, पहिल्यावानी बोलंल ना ती? लई बोलती ती घरात." मी कॉटवर पडून रडत होते. त्या प्रश्नावर मला हसू आलं आणि ते अर्ध्याच तोंडावर उमटलं. यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मावशी

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. फिनेलच्या वासाने जाग यायची, मग सिस्टर, मग पाणचट चहा, मग डॉक्टरांचा राऊंड, मग भेटायला येणाऱ्यांची रांग आणि प्रत्येकाच्या हातात नारळपाणी. सुईची भीती लवकर गेली. मरणाची भीतीही हळूहळू कमी झाली. गेली नाही ती बेडपॅनची लाज. जन्मभर पदर नीट घेऊन वावरलेल्या बाईला दुसऱ्याने उचलून भांड्यावर ठेवायचं, हे मला सहन होत नव्हतं.

वॉर्डात एक मावशी होत्या. त्या पडदा ओढायच्या, मला ठेवायच्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "बाई, लाजू नका. हितं समद्यांचं सारखंच," एवढंच म्हणायच्या आणि मी हाक मारेपर्यंत वळायच्या नाहीत. किती मोठी गोष्ट होती ती. त्यांच्या त्या पाठीकडे बघत मी ठरवलं, की घरी गेल्यावर पहिली गोष्ट हीच. संडासला एकटीने जायचं, दार लावून. चालणं, स्वयंपाक, लग्नाकार्याला जाणं, सगळं नंतर.

कांद्याचे भाव

घरी आले तेव्हा यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. आमचा संडास मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे, एक पायरी उतरून. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर यांनी मधे भोक असलेली खुर्ची आणून ठेवली. मग मला त्या खुर्चीवर बसवून पाहिलं, माझा कल डावीकडे जातोय हे बघितलं, आणि ड्रिल मशीन आणून डावीकडच्या भिंतीत स्टीलची दांडी बसवली. "कमजोर बाजूलाच आधार पायजे," म्हणाले. दांडी ओढून, हिसके देऊन दाखवली. हलली नाही. कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, काम पक्कं.

पण ती दांडी धरायची कशाने? माझ्या डाव्या हाताला वाटीसुद्धा धरवत नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी बोलले नाही. टाइल्स फोडताना उडालेली धूळ अजून यांच्या भुवयांवर होती. मी म्हटलं, छान झालं.

त्यामुळे प्रत्येक वेळी हेच मला न्यायचे. माझा उजवा हात यांच्या खांद्यावर, यांचा हात माझ्या कमरेला. खुर्चीच्या पायांमुळे आत उघडणारं दार लागायचं नाही, ते उघडंच. मग हे बाहेर पाठ करून उभे राहायचे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, म्हणजे मला आवाजाची लाज वाटू नये. बातम्या नाही, बाजारभाव. लासलगाव कांदा, वैजापूर कांदा, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. मराठवाड्यात कांद्याचे भाव तोंडपाठ असलेली बिनशेतीची बाई मी एकटीच असेन.

हे कितीही गोड असलं तरी त्यात यांचा दिवस बांधला गेला होता. सकाळची मित्रमंडळी सुटली. वैजापूरला सख्ख्या भावाच्या घरी कार्य निघालं, तर निघताना दहा वेळा विचारलं, "जाऊ ना गं?" त्या दिवशी पूजाने मला नेलं. पोरगी गुणाची आहे, तोंडातून ब्र काढला नाही. पण मला परत आणून बसवल्यावर ती बराच वेळ बेसिनपाशी पाणी सोडून उभी होती, आणि तिचे खांदे हलताना मी पाहिले. संध्याकाळी आम्ही दोघी वरण चांगलं झालंय असं एकमेकींना सांगत जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी कमी केलं. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, असा माझा हिशेब. व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, मग थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं, पाणी का पीत नाही म्हणून. मी म्हटलं, तहान लागत नाही.

समीना

आमच्या भागात एका धर्मादाय दवाखान्यातर्फे फिजिओथेरपिस्ट घरी येतात, हे पूजाला कळलं. तिने नाव नोंदवलं आणि समीना आमच्या घरी यायला लागली. पंचविशीतली, सडपातळ, स्कूटीवरून येणारी. दारातूनच म्हणायची, "काकू, तयार का?"

तयार म्हणजे काय, जय्यत तयार. ती यायच्या दिवशी पूजा लवकर उठून माझी वेणी घालायची, चांगली साडी नेसवायची, तोंडाला पावडर. बैठकीतल्या दिवाणावर नवीन चादर. समीना आली की आधी पाणी, मग मुरमुऱ्यांचा सुशीला, मग चहा. ती बिचारी म्हणायची, "आधी व्यायाम करू ना काकू." हे म्हणायचे, "व्यायाम कुठं पळून जातोय? उन्हातून आली पोरगी." अर्धा वेळ खाण्यात जायचा. उरलेल्या अर्ध्यात ती मला दिवाणावर पाय उचलायला लावायची, चिकणमातीसारखा रबराचा गोळा दाबायला द्यायची, आणि मग दिवाणापासून दारापर्यंत चालवायची. मी दारापर्यंत पोचले की घरातले सगळे टाळ्या वाजवायचे.

आणि एक गोष्ट तिला माहीत नव्हती. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम पडून राहायची. हलायचं नाही, ताकद साठवायची, म्हणजे तिच्यासमोर चालणं चांगलं दिसेल. एवढी जीव लावून शिकवते, तिला वाईट कशाला वाटू द्यायचं. ती विचारायची, "घरात काही त्रास होतो का काकू? उठता-बसता?" मी म्हणायची, "नाही गं, तुझ्या हाताला गुण आहे."

ती कधी स्वयंपाकघराच्या पलीकडे गेली नाही. पाहुण्याला कोण नेतं तिकडे? एकदा तिने हात धुवायला मोरी विचारली, तर पूजा पळत जाऊन तांब्या आणि घंगाळ घेऊन आली.

मॅडम येतात

काही महिन्यांनी समीनाबरोबर तिच्या वरिष्ठ मॅडम आल्या. ज्यांच्या घरी त्यांची माणसं जातात त्यांना सेवा कशी वाटते, हे त्या स्वतः फिरून विचारत होत्या. आम्ही बेसनाचे लाडू काढले.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही समाधानी आहात का?"

हे म्हणाले, "लई समाधानी. पोरगी म्हंजी घरची लेकच हाये आमची."

पूजा म्हणाली, "आई आता किती चालतात बघा ना." मग मला चालून दाखवावं लागलं. मी गेले दारापर्यंत, आले परत. टाळ्या. मॅडमनी मला विचारलं आणि मीही म्हटलं, "पूर्ण समाधान आहे." खोटं नव्हतं ते. समीना माझ्याकडे बघून हसत होती आणि तिच्यावर माझा खरोखर जीव जडला होता.

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "मग छानच. आता भेटी थांबवायला हरकत नाही. खूप जण वाट बघतायत, समीनाला त्यांच्याकडे पाठवता येईल."

हे हात जोडून उभे राहिले. पूजा लाडवांचा डबा भरायला आत वळली. समीना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मी येत जाईन काकू, अशीच भेटायला." आणि माझ्या एकदम ध्यानात आलं. म्हणजे आता हे असंच. जन्मभर यांच्या खांद्यावर हात, उघडं दार, कांद्याचे भाव. यांना काही झालं तर पूजा, आणि बेसिनपाशी हलणारे तिचे खांदे. माझ्या गोड बोलण्याने मीच ते कायमचं करून घेत होते.

खरं बोलावं तर समीनाला मॅडमसमोर कमीपणा येणार. त्या दांडीचं सांगावं तर यांना. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "मला अजून एकटीला संडासला जाता येत नाही."

समोर लाडवांच्या ताटल्या, हातात चहा, आणि बैठकीत हा शब्द. हे पंख्याकडे बघायला लागले. पूजा डबा हातात घेऊन दारातच थांबली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मग आत्ता पूर्ण समाधान आहे म्हणालात ना?"

"हिच्यावर आहे की. माझ्या पायांवर नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

समीनाने ताटली खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला होता. "कायकू लपवलं काकू? मी दर वेळी विचारत नव्हते का?" मग ओढणी मागे टाकून उठली. "चला. दाखवा मला."

"तिकडं? अगं, पाहुण्याला कुणी तिकडं नेतं का?"

"मी पाहुणी नाय काकू," ती म्हणाली. "मी कामाला येते इथं."

मागची पायरी

समीना माझ्या मागोमाग चालली, आणि मॅडमही आल्या. पायरीपाशी मी अडखळले, ते तिने पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने मला खुर्चीवर बसायला लावलं, साडी सावरून, नुसतं बसून उठायला. मला उठता येईना. तिने डावीकडची दांडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. यांनाही त्याच क्षणी कळलं. हे म्हणाले, "चुकलंच की माझं. आन तू बोलली बी नाय." यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

समीना खुर्चीतून मला उठवून दारापाशी घेऊन गेली आणि आत तोंड करून उभं केलं. "आता सांगा काकू, दांडी कुठल्या हाताला?"

उजव्या हाताला होती. बसल्यावर डावीकडे येणारी दांडी आत जाताना उजवीकडे होती. इतके दिवस माझा उजवा हात यांच्या खांद्यावर असायचा, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अण्णा, आत जायची सोय तुम्ही करून ठेवलीये," ती म्हणाली. "आता उठायची करा. या दांडीच्या समोरच्या भिंतीवर अशीच एक. आणि दार बाहेर उघडणारं करून घ्या."

मॅडमनी भेटी चालू ठेवल्या. जाताना त्या मला म्हणाल्या, आता समाधानाचा हा प्रश्न त्या मागे जाऊन विचारणार, बैठकीत नाही. त्या हसून म्हणाल्या, पण मला वाटतं त्यांनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी घरात पुन्हा ड्रिलचा आवाज. यांनी दुसरी दांडी बसवली, पायरीला सिमेंटचा उतार केला, दाराच्या बिजागऱ्या फिरवल्या. पडले तर हाक ऐकू जावी म्हणून घंटा हवी, असं समीना म्हणाली होती, तर हे देवघरातली घंटा घेऊन निघाले. मी ओरडले तेव्हा परत ठेवली. शेवटी स्वतःच्या जुन्या सायकलची घंटी काढून उजव्या हाताशी ठोकून दिली.

व्यायाम आता मागेच व्हायचा. मी जुन्या गाऊनवर, केस कसेतरी बांधलेले. उतारावरून पाय टाकायचा, दांडी धरायची, वळायचं, बसायचं, पुढे झुकून उठायचं. समीना टाळ्या वाजवायची नाही, "परत" म्हणायची. दोनदा मी पडता पडता वाचले. एकदा इतकी चिडले, की तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. ती म्हणाली, "हौ, नाय येत," आणि ठरल्या दिवशी आली. सुशीला आता तिला शेवटी मिळायचा, आणि तो ती मागच्या पायरीवर बसून खायची. पूजाही तिच्याशेजारी बसायला लागली. एकदा पूजा तिला सांगत होती, "मला किळस नव्हती येत. त्यांना इतकं अवघडल्यासारखं व्हायचं ना, ते बघवायचं नाय मला." मी आत खुर्चीवर सराव करत होते. मला ते ऐकू आलं हे त्या दोघींना माहीत नाही.

कडीसाठी मी समीनाशी पुष्कळ वाद घातला. ती म्हणाली, "दार लावा, कडी नक्को. अजून नाय." ते मी मान्य केलं आहे.

आज

डावा हात अजून पुरता आलेला नाही. भाकरी थापता येत नाही, आणि थकले की जीभ जड होते. जे परत आलं नाही त्याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण पाणी तांब्याने पिते. यांना सकाळी फिरायला हाकलते. तुमच्या घरी असं कुणी येत असेल, तर चहा जरूर द्या, पण आधी जिथे तुमचं अडतं तिथे घेऊन जा. तुम्ही चांगले दिसलात यात त्या माणसाचा काही फायदा नाही.

पहिल्यांदा एकटी गेले तो दिवस सांगून थांबते. समीना यायचा दिवस नव्हता. पूजा दळण आणायला गेलेली. मी दिवाणावरून उठले, हेही सवयीने उठले. मी म्हटलं, बसा तुम्ही. हे बसले, पण दिवाणाच्या काठावर. मी भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघर ओलांडलं, उतारावरून पाय टाकला, दांडी धरून आत गेले आणि दार ओढून घेतलं. दार लागलं.

आत एकदम शांतता. कांद्याचे भाव नाहीत, कुणाची पाठ नाही. वरच्या झरोक्यातून थोडं ऊन येत होतं. माझं झालं होतं तरी मी तशीच बसून राहिले. उठायची घाई नव्हती आणि मला कुणी विचारणारही नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या दाराशी शेजारच्या सुनंदाबाईंचा आवाज आला. "अण्णा, शोभाताई कुठं हायेत?"

"आत हाये," हे म्हणाले.

"एकटी? मंग तुम्ही हितं कसे बसलेत?"

मग मला वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज ऐकू आला.

"येईल तिची ती," हे म्हणाले.